दुसऱ्याच्या घरचा नाताळ

मॉर्मन मिशनऱ्याला पूर्ण एकांत मिळतो तो फक्त बाथरूममध्ये. एरवी नियम असा, की जोडीदार नजरेच्या टप्प्यात किंवा हाकेच्या अंतरावर असलाच पाहिजे: रस्त्यात, बसमध्ये, लोकांच्या दारात, रात्री झोपायच्या खोलीतसुद्धा. हा जोडीदार आपण निवडलेला नसतो. मिशनचा अध्यक्ष तो नेमून देतो आणि साधारण दर सहा आठवड्यांनी निघणाऱ्या बदल्यांत तो बदलूही शकतो. अशात एकोणीस वर्षांच्या पोराला घरच्या आठवणीनं भडभडून आलं, तर बाथरूमचं दार लावून नळ सोडायचा, एवढीच सोय. परत आलेल्या मिशनऱ्यांच्या आठवणी वाचताना वाटतं, की हा नळ डिसेंबरात जरा जास्तच वाहत असावा.

पांढरा शर्ट, टाय, छातीवर चर्चचं नाव असलेली काळी पट्टी आणि बरोबर तशाच वेषातला दुसरा मुलगा. जगातल्या कितीतरी शहरांनी ही जोडी पाहिलेली आहे. चर्चचं पूर्ण नाव लांबलचक आहे: ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव वापरा, असा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं मान्य; पण मराठी वाचकाला ओळख पटायला जुनंच नाव बरं, म्हणून इथे तेच ठेवलं आहे.

या पंथाचा जन्मच फिरतीतला. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेयेट इथे चोवीस वर्षांच्या जोसेफ स्मिथनं चर्च स्थापन केलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल पुस्तकांची पिशवी घेऊन गावोगाव निघाला. तेव्हापासून ही रीत थांबलेली नाही. आज सत्तर हजारांहून अधिक तरुण मिशनरी एकाच वेळी जगभर असतात. मुलं अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. मुलांसाठी ते कर्तव्य मानलं जातं, मुलींच्या बाबतीत इच्छेचा प्रश्न. खर्च मुलाचा किंवा त्याच्या घरच्यांचा, झेपेल तितका; बाकीचा भार चर्च आणि इतर सभासद उचलतात. कुठे जायचं हे सांगता येत नाही. पत्र येतं, घरचे सगळे भोवती जमतात, मुलगा ते मोठ्यानं वाचतो आणि त्याला पहिल्यांदा कळतं, की आपली पुढची दोन वर्षं ब्राझीलमध्ये जाणार की अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव या काळात कुणी उच्चारत नाही. आडनावाच्या आधी ‘एल्डर’ लावून हाक मारायची; खोलीतला जोडीदारही तशीच मारतो.

हे सगळं एखाद्या संन्यासी पंथानं केलं असतं तर नवल नव्हतं. पण मॉर्मनांइतका कुटुंबात रमलेला धर्म शोधून सापडायचा नाही. त्यांच्या मंदिरात लागणारं लग्न मरणानं तुटत नाही. नवरा-बायको आणि मुलं एकमेकांना कायमची, मृत्यूनंतरही, बांधली जातात अशी त्यांची श्रद्धा. मुलाबाळांसह घरी एकत्र बसायची एक संध्याकाळ ठेवा, असं चर्चनं १९१५ पासून सांगायला सुरुवात केली. पुढे तिच्यासाठी सोमवार ठरला आणि त्या संध्याकाळी चर्चचे इतर कार्यक्रम ठेवायचे नाहीत असा दंडक झाला. वंशावळी जपण्याचा त्यांचा नाद तर जगप्रसिद्ध आहे. आणि हेच चर्च मिसरूड फुटल्या फुटल्या मुलाला घरातून उचलून दूर नेऊन ठेवतं आणि मधे लग्न, बारसं, दिवाळसण काही असो, दोन वर्षं होईस्तोवर येऊ नकोस म्हणतं. आजोबा गेले तरी बहुतेक मुलं परत येत नाहीत. तिथूनच डोळे पुसतात.

या विसंगतीची धार सगळ्यांत जास्त लागते ती नाताळात, आणि त्याला एक कारण आहे. वसईचा कॅथलिक मुलगा टोरांटोत शिकायला गेला, तर २४ डिसेंबरच्या रात्री तो मिस्साला जाऊ शकतो. भाषा वेगळी असेल, पण वेदी तीच, विधीचा क्रम तोच. गुडघे कधी टेकायचे हे त्याच्या शरीराला आपोआप कळतं. चर्च हे त्याचं दुसरं घर होतं. मॉर्मनांच्या नाताळात ही सोय नाही. त्यांच्याकडे मध्यरात्रीची प्रार्थना नाही, नाताळाआधीच्या चार रविवारांचं व्रत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीहून वरिष्ठांचा एक कार्यक्रम प्रसारित होतो, गायनवृंदाच्या मैफली होतात. पण २५ तारखेला चर्चचं दार बंदच असतं. त्या दिवशी रविवार आला तरच उघडतं, तेही एका छोट्या सभेपुरतं. २०२२ मध्ये तसं झालं होतं. गंमत म्हणजे येशूचा खरा जन्म ६ एप्रिलचा, असं त्यांच्या अनेक जुन्या धर्मनेत्यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे तारीखसुद्धा तशी उसनीच. त्यांचा नाताळ उभा आहे तो घरावर: पहाटे जिन्यावर रांगेनं बसलेली भावंडं, वडिलांनी वाचलेली जन्मकथा, एकसारख्या कापडाचे रात्रीचे कपडे, आईचा विशिष्ट वासाचा पाव. घर वजा केलं की हातात काही उरत नाही.

म्हणून युटामधला मुलगा एखाद्या परक्या शहरातल्या दोन खोल्यांत २० डिसेंबरला जागा होतो, तेव्हा त्याला एक साधी गोष्ट बहुधा जन्मात पहिल्यांदा दिसते. झाड कुणी आणलेलं नाही. दिवे कुणी लावलेले नाहीत. घरी ते दरवर्षी आपोआप उगवायचे. मोजे टांगलेले असायचे आणि सकाळी भरलेले मिळायचे, आजीकडच्या भेटी वेळेवर पोस्टात पडायच्या, कुणाला कोणता खाऊ आवडतो हे कुणाच्या तरी लक्षात असायचं. हे ‘कुणाच्या तरी’ म्हणजे कुणाच्या, हे शोधायला फार बुद्धी लागत नाही. सण ही कॅलेंडरावरची तारीख आहे असं समजून वाढलेल्या मुलाला तो कामाचा डोंगर होता हे कळायला घरापासून पाच-सहा हजार मैल लांब जावं लागतं. बरे मुलगे मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दिव्यांची स्वस्तातली माळ आणतात आणि खिडकीला सेलोटेपनं चिकटवतात. नोव्हेंबरातच घरून निघालेलं खोकं आलेलं असतं. त्यावर आईच्या अक्षरात ‘२५ च्या आधी उघडू नये’ असं लिहिलेलं असतं आणि ते १४ तारखेला उघडलं जातं.

शिवाय खोलीत एक नसून दोन नाताळ असतात. समजा एक मुलगा आयडाहोचा आणि दुसरा टोंगाचा. पहिल्याच्या डोक्यात बर्फ, चिमणी, भाजलेला टर्की. दुसऱ्याच्या डोक्यात भर उन्हाळा, जमिनीत खड्डा खणून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं डुकराचं मांस आणि दिवसभर चालणारं गाणं. हे दोघे जपानात असतील तर बाहेर दोन्हीही नाही. तिथे २५ डिसेंबर कामाचा दिवस. लोक ऑफिसातून घरी जाताना तळलेली कोंबडी आणि स्ट्रॉबेरीचा केक नेतात, तरुण जोडपी फिरायला जातात, आणि २६ तारखेला दुकानांतली सजावट उतरून नववर्षाची लागते. ब्राझीलमध्ये नेमकं उलट: सगळं शहर नाताळाच्या नादात, पण खरं जेवण २४ च्या मध्यरात्री. मिशनऱ्यानं रात्री साडेदहाला अंथरुणात असावं हा नियम. अध्यक्षानं त्या रात्रीपुरती ढील दिली तर ठीक. नाहीतर समोरच्या घरातली गाणी ऐकत डोळे मिटून पडायचं. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे चर्चच्या घंटा वाजतात आणि बाहेर गरम भाताच्या मिठाया विकायला बसतात. त्या घंटा मुलाच्या चर्चच्या नसतात, पण त्याला जाग त्यांनीच येते.

सणाला घर आठवून रडण्याचा हक्क मराठी माणसानं पुरुषाला फारसा दिलेला नाही. तो सासुरवाशिणीचा प्रांत. पंचमीला भाऊ न्यायला येईल का, दिवाळीला धाडतील का, पाडव्याला गेलं तर भाऊबीज चुकेल का, यावर आपल्या बायकांनी जात्यावर बसून शतकानुशतकं गाणी रचली. मॉर्मन मिशनऱ्यांच्या आठवणी वाचताना मला सारखी ती सासुरवाशीण आठवते. बदललेलं नाव, ठरवून दिलेले कपडे, न निवडलेला सोबती, साडेसहाला उठायचा दुसऱ्यानं घातलेला दंडक, परक्या पद्धतीचं जेवण नावं न ठेवता खायचं, आणि माहेरशी कधी बोलायचं हेही दुसऱ्याच्या हातात. फरक मोठा आहे, तो सांगायलाच हवा: याला परतीची तारीख ठाऊक असते. परत गेल्यावर मान मिळतो. मुलींच्या घरी त्याचा भाव वाढतो. तिला यातलं काही नव्हतं. तरीही दोघांच्या डिसेंबर-श्रावणातलं काळीज एकाच जातीचं. जगातल्या एका पुरुषप्रधान समाजानं आपल्या मुलग्यांना मुद्दाम हा अनुभव द्यावा, आणि आया घरी वाट पाहत बसाव्यात, ही उलटापालट मला विलक्षण वाटते. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. झालं खरं.

अर्थात आरंभी जायचे ते पोरसवदा मुलगे नव्हते, बायकापोरांचे धनी होते. हेबर किम्बॉल १८३७ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी त्यानं प्रेस्टन शहरात सभा घेतली. जागा होती ‘कॉकपिट’, म्हणजे एकेकाळी कोंबड्यांच्या झुंजी लावायचा अड्डा. तिथे त्यानं इंग्रज मजुरांना दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य करायला सांगितलं. नाताळच्या दिवशी, इंग्लंडात! माणसाला धाडस होतं. दोन वर्षांनी तो पुन्हा निघाला तेव्हाची हकिगत मॉर्मन घरांत आजही सांगतात. मिसिसिपी नदीकाठच्या दलदलीत सगळी वस्ती हिवतापानं आडवी. किम्बॉलला उभं राहवत नाही, बायको तान्ह्या बाळासह अंथरुणाला खिळलेली, मुलं फणफणलेली. सोबत निघालेल्या ब्रिगहॅम यंगचीही तीच दशा. दोघांना उचलून घोडागाडीत घालावं लागलं. थोडं अंतर गेल्यावर किम्बॉलनं गाडी थांबवली, दोघे कसेबसे उठून उभे राहिले आणि टोप्या हवेत फिरवून जयजयकार केला, घरातल्या आजाऱ्यांना उमेद यावी म्हणून. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात अंथरुणातून दारापर्यंत आलेल्या त्या बाईचा चेहरा पाहायचा असतो. पुढचे दोन नाताळ तिनं कसे काढले असतील?

याला एक गोड शेपूटही आहे. १८४३ च्या नाताळला पहाटे एकच्या सुमाराला इलिनॉयमधल्या नॉवू गावात जोसेफ स्मिथला खिडकीखालच्या गाण्यानं जाग आली. लेटिस रश्टन नावाची एक अंध इंग्रज विधवा, तिची मुलं, सुना, मुली, जावई आणि शेजारी नाताळाचं गाणं म्हणत उभे होते. स्मिथनं रोजनिशीत हे आनंदानं टिपून ठेवलं आहे. कडक प्रोटेस्टंट वळणाच्या तेव्हाच्या अमेरिकन मुलखात नाताळाचं फारसं कौतुक नसे. ते तिथे घेऊन आली ही धर्म बदलून आलेली इंग्रज माणसं. मिशनरी बायकामुलांना मागे टाकून इंग्लंडला गेले, आणि इंग्लंडमधून परत जे आलं त्यात नाताळही होता.

आपल्या मुलखातही यांच्यातला एक येऊन गेला आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वर्तमानपत्रं आणि पाद्री त्याच्यावर तुटून पडले. मग तो पुण्याला गेला. तिथे कँटोन्मेंटमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी अटकाव केला. तरी त्यानं पुण्यात लहानशी मंडळी जमवली आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही लिहिली. १८५५ पर्यंत तो होता. पुण्याच्या डिसेंबरात, रेजिमेंटच्या चर्चमधून घंटा ऐकू येत असताना हा काय करत असेल? बहुधा नेहमीचंच काम. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये नाताळ हा सण नव्हताच म्हणा ना. तिथे त्याची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. ज्या सणाची सवयच नाही त्याची उणीवही नाही. फिंडलेला घर आठवलं असेल तर ते नववर्षाच्या रात्री.

त्याच सुमाराला लेव्हाय सॅव्हेज नावाचा मिशनरी ब्रह्मदेशात होता. बायको वारलेली, तान्हा मुलगा बहिणीपाशी ठेवून १८५२ मध्ये निघालेला. परतला तो १८५६ मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, आणि शेवटच्या टप्प्यात हातगाड्या ओढत निघालेल्या एका तांड्याबरोबर बर्फात सापडून. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानं बापाला ओळखलं तरी असेल का, असा प्रश्न मनात येतो. अशा माणसांच्या मानानं आजच्या मुलांची दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण नेमका याच मोहावर पुढचा वाद उभा आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनऱ्यानं घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मातृदिनाला. मधल्या काळात पत्रं, आणि अलीकडच्या वर्षांत आठवड्याला एक ईमेल. त्या दोन दिवसांपैकी एक सरळ आईच्या नावावर होता, आणि दुसराही खरं तर तिचाच. नाताळच्या फोनची तयारी दोन्हीकडे आठवडाभर चाले. मुलगा विषयांची यादी करून ठेवी. फोन लागला की यादी खिशातच राही. पहिली काही मिनिटं कुणालाच धड बोलता येत नसे. मग धाकटी भावंडं एकदम बोलायला लागत, आजोबांना ऐकू येत नसे, कुत्र्याला रिसीव्हरपाशी आणलं जाई, आणि तास संपे. ब्राझीलहून बोलणारा मुलगा मधेच पोर्तुगीज शब्द वापरी आणि आईला कळे, की तो आता थोडा तिकडचा झाला आहे. फोन ठेवल्यावरची संध्याकाळ फार वाईट जात असे, असं बहुतेक सगळे सांगतात. म्हणून काही मुलांना फोन येऊच नये असंही वाटे.

१५ फेब्रुवारी २०१९ ला नियम बदलला. आता आठवड्यातून एकदा, तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट आणि केस कापणं यासाठी ठेवलेल्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. बहुतेक ठिकाणी तो दिवस सोमवारचा असतो, घरच्यांच्या एकत्र बसायच्या संध्याकाळचाच वार. आयांनी आनंदाश्रू ढाळले. आणि लगेच जुन्या मिशनऱ्यांमधून सूर उमटला: आम्हाला नव्हतं असलं काही, दोन फोनांवर आम्ही वर्ष काढलं, म्हणून तर आम्ही घडलो, आता पोरं मऊ होणार. हा सूर मराठी घरात ओळखायला वेळ लागत नाही. आम्ही सोसलं, तुम्ही सोसायला काय झालं, हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं आहे, आणि ते म्हणणारी सासू एकेकाळी स्वतः पंचमीला उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेली असते.

माझं मत फोनच्या बाजूनं आहे. ओढ ताणून धरली की ती पवित्र होते, हे मला पटत नाही. पुष्कळदा ती नुसती दुखते. ज्यांना मन लावून काम करायचं असतं ते आईशी बोलल्यावरही करतात, आणि ज्यांना ते झेपत नसतं त्यांचं दोन फोनांच्या उपासानं काही भलं होत नाही. उलट, न झेपणारी मुलं जास्त बोलायला हवीत. कारण अर्ध्यावर परत येण्याची या समाजात फार लाज आहे. मुलगा पाच महिन्यांनी घरी आला की शेजारी काही विचारत नाहीत, आणि ते न विचारणंच बोचतं. सगळी मुलं मनापासून जातात असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. काही जातात कारण भाऊ गेला होता, बाप गेला होता, आणि नाही म्हणायला शब्द सापडले नाहीत. अशा मुलाचा डिसेंबर सगळ्यांत लांब.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरं नाही. ही मुलं लोकांच्या दारात जातात ती त्यांचा धर्म बदलावा म्हणून. आपल्याला हे खटकतं, आणि मलाही खटकतं. कुणाची श्रद्धा अपुरी आहे असं गृहीत धरून त्याची बेल वाजवायची यात एक उद्धटपणा आहे, बेल वाजवणारा कितीही नम्र असला तरी. पण नाताळात या कामाचं रूप निराळं होतं. लोक घरच्या माणसांत असतात. त्या दिवसांत अनोळखी दारं ठोठावण्यात फारसा अर्थ नसतो. मग मुलं वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जातात, कुणाच्या अंगणातला बर्फ काढतात, एकट्या म्हातारीचं जड कपाट हलवून देतात. प्रचारक म्हणून आलेला मुलगा काही दिवस नुसता हाताशी असलेला पोरगा होतो, आणि मला तो तेव्हा जास्त पटतो. संध्याकाळी स्थानिक मंडळीतलं एखादं कुटुंब त्यांना जेवायला बोलावतं. तिथे ती दोघं दुसऱ्याच्या मुलांना भेटी उघडताना पाहतात, दुसऱ्याच्या आजीचे विनोद ऐकतात, आणि न सांगता भांडी घासायला उठतात. घरी यातल्या कितीजणांनी कधी ताट उचललं असेल, शंकाच आहे.

आणि प्रवाह एकाच दिशेनं वाहत नाही. सॉल्ट लेक सिटीच्या टेंपल स्क्वेअरवर १९६५ पासून नाताळाची रोषणाई होते. लोक दुरून पाहायला येतात. तिथे पाहुण्यांचं स्वागत वर्षानुवर्षं मिशनरी मुलींनी केलं आहे, आणि त्या मुद्दाम देशोदेशींहून आणलेल्या, कोटावर आपापल्या देशाचा छोटा झेंडा लावलेल्या. मनिलाहून आलेली एखादी मुलगी, जिनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता, हातमोजे घालून अमेरिकन पाहुण्यांना येशूजन्माचा देखावा दाखवत असते. त्याच दिवशी त्या पाहुण्यांपैकी कुणाचा तरी मुलगा मनिलात घामाघूम होऊन तिच्या गल्लीत फिरत असेल. धर्माच्या राजधानीत असूनही ती परदेशातच. पाहुणे तिला विचारतात, घरची आठवण येते का, आणि ती हसून उत्तर देते, कारण ते तिचं काम आहे.

भारतातली मुलंही आता या रहाटीत आहेत. बंगळुरूचं मिशन १९९३ मध्ये सुरू झालं, दिल्लीचं २००७ मध्ये. हैदराबाद भागात सभासद बऱ्यापैकी आहेत. बंगळुरूच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि २०२० मध्ये भूमिपूजन. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसाची अडचण, त्यामुळे इथलं बरंच काम इथलीच पोरं करतात. तेलुगू घरातला मुलगा दिल्लीच्या थंडीत, जोडीदार दुसऱ्याच राज्यातला, दोघांमध्ये समान भाषा मोडकी इंग्रजी किंवा त्याहून मोडकी हिंदी. अमेरिकन मुलापेक्षा त्याची एक अडचण जास्त: ज्या घरी जाईल तिथे पहिल्या दोन मिनिटांत चहा येतो आणि त्याला तो चालत नाही. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे यजमानालाच नाकारणं. मग पाणी, सरबत, काहीच नाही तर गरम दूध मागून वेळ निभावायची. २५ तारखेला शेजारी केक मागतात. तो त्याच्याकडे नसतो. बेकरीतून आणावा लागतो.

मंडळीत मिशनऱ्यांच्या जेवणाची यादी फिरते. कोणत्या दिवशी कोण बोलावणार, ते घरवार लिहायचं. २४ आणि २५ चे रकाने भरायला वेळ लागत नाही. कधी दोन-तीन घरं एकाच दिवसावर हक्क सांगतात आणि मुलांना दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा असं पोट फुटेस्तोवर जेवावं लागतं. त्या दिवशी त्यांची काळजी सगळ्यांना असते. २७ च्या रकान्यात नाव नसतं. पाहुणे आपापल्या गावी परततात, यजमान थकलेले असतात, सहानुभूतीही संपलेली असते, आणि मुलं खोलीवर नूडल्स उकळतात. अनुभवी आया म्हणून २५ ला काय केलंस हे फारसं विचारत नाहीत. ते फोटोत दिसतंच. त्या पुढच्या सोमवारची वाट पाहतात आणि विचारतात, परवा काय जेवलास, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐकतात.